खोल श्वास घ्या... सोडा!

आपल्यापैकी जे सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकले त्यांना आठवत असेल, वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी शाळेच्या मैदानात येऊन थांबायची. तास बंद, रांग सुरू! वजन, उंची, 'जीभ काढ', 'आ कर', 'खालची ओळ वाच'. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असं त्याचं भारदस्त नाव. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका असं पथक असतं. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. या योजनेची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधून झाली, हे मात्र आपल्याच भागातल्या कित्येकांना माहीत नसतं. (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.)

आता गंमत बघा. ही योजना जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत आहे, आणि आपण हॉस्टेलला येतो तेही अठराव्या वर्षीच. म्हणजे आपल्यापुरती गाडी बंद! त्यानंतरची तपासणी थेट नोकरी लागताना होते, आणि ती तुमच्यासाठी नसते, नोकरी देणाऱ्यासाठी असते. मधल्या चार वर्षांत काय, तर हॉस्टेलच्या फॉर्मला जोडायचं फिटनेस सर्टिफिकेट. त्यावर बहुतेक वेळा 'एन. ए. डी.' अशी तीन अक्षरं असतात. अर्थ, 'काहीही विपरीत आढळलं नाही'. अहो, पाहिलंच नाही तर आढळणार कुठून? (ही सर्टिफिकेटं कशी मिळतात ते लिहीत बसत नाही. वाचक सुज्ञ आहेत.)

यंदा आमच्या हॉस्टेलवर रेक्टर सरांनी दोन दिवसांचं तपासणी शिबिर लावलं. रासेयोचा स्वयंसेवक म्हणून माझी ड्युटी उंची-वजन आणि डोळ्यांच्या तक्त्याच्या टेबलावर होती. रांगेतले प्रश्न ऐकून कान किटले. 'रक्त किती काढतात?' 'कपडे काढायला लावतात का रे?' 'सिगारेटचं कळतं का?' 'घरी फोन करतात का?' तिसऱ्या मजल्यावरची चार-पाच पोरं तर त्या दिवशी सकाळच्या लोकलने गावालाच पळाली. परीक्षेला न घाबरणारी ही पोरं स्टेथोस्कोपला का घाबरतात, हे काही मला कळलं नाही. तेव्हा आत नेमकं काय होतं ते सांगावं म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर लगेच हात लावत नाहीत. आधी गप्पा मारतात. झोप किती, जेवण कुठे, पूर्वी काही आजार, ऑपरेशन, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आईवडिलांना बीपी-शुगर आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का, खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकलाय का, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चाललात का. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे चेष्टेवारी नेऊ नका. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरारमध्ये लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालले, ते आठवा. अशा पाण्यात उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायावरच्या जखमेतून शिरतात. तापाच्या रुग्णाने 'पाण्यातून चाललो होतो' एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

सिगारेट, तंबाखू, दारू हेही विचारतात. खरं सांगा. आमच्याकडे आलेल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच मुलाला सांगून टाकलं, "बाळा, मी तुझी रेक्टर नाही. इथे सांगितलेलं इथेच राहतं." रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे, त्यामुळे त्यांनी काही उपकार केले असं नाही. आम्हा स्वयंसेवकांकडे फक्त उंची, वजन, डोळे. बाकीचा कागद पडद्याआड. झोप लागत नाही, मन कशात लागत नाही, केटी लागल्यापासून खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही, हेसुद्धा तिथेच सांगायचं असतं. ताप सांगतो तसंच हे सांगायचं.

आता माझं टेबल. उंची-वजनावरून बीएमआय काढतात, म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. जगाच्या तक्त्यात २५ पासून पुढे वजन जास्त मानतात, पण आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढेच सावध व्हायला सांगतात. का? याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडपातळ, आत चरबी. त्यामुळे 'मी तर काडीपैलवान, मला कशाला शुगर होईल?' असं म्हणणाऱ्यांनी कमरेला टेपही लावून घ्यावी. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे.

डोळ्यांचा तक्ता तर करमणुकीचा विषय झाला. ६/६ याचा अर्थ, निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे वाचता येतं ते तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता येतं. ६/१२ म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला तुम्हाला सहा मीटरपर्यंत यावं लागतं. ६/६ च्या ओळीतलं अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं असतं (डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन होतो, गणित करून बघा). आमच्या काही शहाण्यांनी रांगेत उभ्या उभ्याच सगळा तक्ता पाठ केला. मॅडमनी शांतपणे सांगितलं, "आता उजवीकडून डावीकडे वाच." झालं! एकाची गाडी दुसऱ्याच अक्षराला अडकली. त्याला चष्मा लागला, आणि फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तो दोन वर्षं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत होता हेही उघड झालं.

बीपीच्या टेबलावर मात्र घबराट. तिसऱ्या मजल्यावरून धावत आलेल्या एकाचं वरचं बीपी १५० च्या पुढे. तो पांढराफटक! त्याला पाच मिनिटं खुर्चीत बसवलं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या पातळीला, तोंड बंद. पुन्हा मोजलं तर १२६. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन यावं, आणि मोजताना बोलायचं नाही, हे नियम नखरे म्हणून नाहीत. मापनातली चूक कमी करण्यासाठी आहेत. डॉक्टर दिसल्यावरच ज्यांचं बीपी चढतं असेही लोक असतात. त्यामुळे एका आकड्यावर कुणी तुम्हाला आजारी ठरवत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर राहिलं तरच पुढचा विचार करतात. आणि हे १२० म्हणजे काय माहितीये? १२० मिलिमीटर पाऱ्याचा स्तंभ. पाण्यात मोजलं तर १.६३ मीटर! तुमचं हृदय प्रत्येक ठोक्याला जवळजवळ माणसाच्या उंचीएवढं पाणी वर उचलेल इतका दाब देतं. मेकॅनिकलवाल्यांनी पंप म्हणून त्याचा मान ठेवावा.

याच टेबलावर मेसचे काका आले, 'पोरांच्या आग्रहाखातर'. त्यांचं मात्र बसवून, थांबवून, तीनदा मोजूनही खाली येईना. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काहीच नाही. "काही होत नाही तर गोळी कशाला?" हा त्यांचा प्रश्न. मॅडमनी सांगितलं की बीपी बहुतेकांना आतून जाणवतच नाही, म्हणून तर मोजावं लागतं. काका आता दर महिन्याला मोजून येतात. शिक्षक आणि कर्मचारी मंडळींसाठी मुद्दाम लिहितो, की तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कर्करोगाची, तसंच स्त्रियांची स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. सर, फक्त पोरांना रांगेत उभं करू नका!

मग पडद्याआडची तपासणी. नाडी (मिनिटाला ६० ते १००), खालची पापणी ओढून पाहणं (आतला भाग फिकट म्हणजे रक्त कमी), जीभ, नखं, मानेतल्या गाठी, 'थुंकी गीळ' म्हणून गळ्यातली थायरॉईड ग्रंथी. छातीला चार ठिकाणी स्टेथोस्कोप हृदयासाठी, पाठीला फुप्फुसांसाठी. 'खोल श्वास घ्या, सोडा' ते हेच. तोंडाने घ्यायचा, घाई नाही, नाहीतर गरगरतं. स्टेथोस्कोप थंड लागतो, बाकी काही होत नाही. पोटावर हात ठेवून उजव्या बरगडीखाली यकृत आणि डावीकडे प्लीहा लागते का बघतात. पोट सैल सोडा. गुदगुल्या होतात, सगळ्यांनाच होतात.

छाती-पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टकटक करतात ते काय? ही युक्ती ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली पुस्तकातून मांडली. त्यांचे वडील खानावळवाले. पिंपात दारू कुठवर आहे हे टिचकी मारून कळतं, असं पोरगा पाहत आला होता. हवा असली तर आवाज पोकळ, पाणी असलं तर भद्द. आपणही माठ घेताना टिचकी मारतोच की! सिव्हिलवाले याला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतील. पुढे १८१६ मध्ये फ्रान्सच्या लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तोच स्टेथोस्कोपचा आरंभ.

कपड्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं. शर्ट वर करावा लागतो, आणि मुलांना हर्नियासाठी जांघेत हात ठेवून 'खोक' म्हणतात, पडद्याआड, अर्ध्या मिनिटाचं काम. प्रत्येक शिबिरात हे करतातच असं नाही. कशासाठी हे विचारायचा आणि 'नको' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मुलींची तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर सोबत एखादी स्त्री असणं हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेलं आहे. संकोच न करता मागा.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख खरोखर लिहावासा वाटला तो. माझ्या रूमपार्टनरची परवानगी घेऊन लिहितोय. तो इलेक्ट्रॉनिक्सचा, घर रेल्वेचं, वडील पश्चिम रेल्वेत. लहानपणापासून एकच ध्यास, इंजिनच्या केबिनमध्ये बसायचं. पहिल्या वर्षापासून असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची पुस्तकं त्याच्या उशाशी. माझ्या टेबलावर तक्त्यानंतर एक छोटं पुस्तक ठेवलं होतं, रंगीत ठिपक्यांचं. ठिपक्यांतून आकडा ओळखायचा. जपानच्या शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढलेली ही परीक्षा आजही सगळीकडे वापरतात. पहिलं पान सगळ्यांनाच येतं. त्याने ते वाचलं. दुसऱ्या पानावर थांबला. तिसऱ्यावर म्हणाला, "अरे, इथे आकडाच नाही छापलेला." मला तर ढळढळीत दिसत होता.

तेव्हा एकदम लॅब आठवली. रेझिस्टरचे पट्टे वाचताना हा नेहमी मल्टीमीटर घ्यायचा आणि आम्ही त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणून चिडवायचो. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक किलोओहम, तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे एक मेगाओहम. तिसरा पट्टा लाल की हिरवा यात हजारपटीचा फरक! त्याला तो पट्टा कधी नीट कळलाच नव्हता, आणि सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत होती. जन्मापासून जसं दिसतं तेच माणसाला खरं वाटणार ना?

मॅडमनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की शिबिरातल्या पुस्तकावर निकाल लावायचा नाही, नेत्रतज्ज्ञाकडून पक्कं करून घे. त्याने करून घेतलं. लाल-हिरव्याचा फरक कमी कळण्याचा जन्मजात दोष. हा गुणसूत्रांतून आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मुलांत जास्त आणि मुलींत क्वचित. यावर औषध नाही, पण तो वाढतही नाही, आणि नजर एरवी उत्तम असते. लोको पायलटला मात्र रेल्वेची सर्वांत कडक, 'ए-वन' दर्जाची वैद्यकीय परीक्षा असते. दोन्ही डोळे चष्म्याविना ६/६, आणि रंगदृष्टी पास व्हायलाच हवी. हा नियम कुणाच्या लहरीतून आला नाही. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. सिग्नलचा रंग ओळखण्यात चूक झाली असावी अशी शंका फ्रिथिओफ होल्मग्रेन या शास्त्रज्ञाला आली. त्याने रंगीत लोकरीच्या लड्या निवडायला देऊन रेल्वे कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतली, आणि तेव्हापासून देशोदेशी ही परीक्षा रेल्वेत शिरली. विरार फास्टमध्ये कोंबून उभे असताना पुढच्या केबिनमधल्या माणसाला लाल दिवा लालच दिसायला हवा, हे आपण सगळेच मान्य करू.

पण त्याला ते मान्य करायला किती जड गेलं असेल! दोन दिवस तो मेसला आला नाही. मग वडिलांना फोन केला. फोनवर काय झालं ते मी ऐकलं नाही, आणि विचारलंही नाही. आठवड्याने उशाशी नवी पुस्तकं आली. रेल्वेतच 'सी' दर्जाच्या जागांना रंगदृष्टीची अट नाही, हे त्यानेच शोधून काढलं. एम्बेडेड सॉफ्टवेअरकडेही तो वळलाय. मल्टीमीटर अर्थातच खिशात. मला राहून राहून एवढंच वाटतं, की हे दहावीतही कळू शकलं असतं आणि लेखी परीक्षा पास झाल्यावर, घरी पेढे वाटल्यावरही. मधल्या काळात कळलं, त्यातल्या त्यात बरं. रेल्वे, मर्चंट नेव्ही, सैन्यदल यांपैकी कशाचंही स्वप्न असेल तर ठिपक्यांचं ते पुस्तक पहिल्याच वर्षी बघून घ्या.

रक्ताचं राहिलं. साधारण चमचाभर काढतात, त्यात हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर होतं. हिमोग्लोबिन मुलांत १३ च्या आणि मुलींत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूकडच्या मित्रमैत्रिणींनी सिकलसेलची चाचणीही करून घ्यावी. जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि ती चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांसाठी आहे. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. फक्त नवराबायको दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका जुळवणारे जुळवोत, हा कागद आधी जुळवलेला बरा.

मग 'सत्तर टेस्ट, संपूर्ण बॉडी चेकअप' या स्टेशनबाहेरच्या बोर्डांचं काय? माझं मत, धडधाकट विद्यार्थ्याने तिकडे पैसे घालू नयेत. एम-थ्रीवाले मित्र हिशेब समजतील. 'नॉर्मल' मर्यादा सहसा अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तीत बसावेत. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्या वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता १ वजा (०.९५ चा विसावा घात), म्हणजे ६४ टक्के! मग त्या एका लाल आकड्यामागे पुन्हा चाचण्या, पुन्हा पैसे, झोप उडाली ती वेगळीच. कोक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अडीच लाखांवर लोकांवरच्या चाचणी-प्रयोगांचा आढावा घेतला. सरसकट सगळ्यांच्या अशा आरोग्यतपासण्यांनी मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून काय तपासायचं हे तुमचं वय, घरचा इतिहास आणि तक्रार यांवरून डॉक्टर ठरवतात, आणि म्हणूनच सुरुवातीच्या त्या गप्पांना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा.

शिबिर चुकलं त्यांच्यासाठी सांगतो. वसई गावातलं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचं तुळिंज रुग्णालय ही आपल्या महापालिकेची आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. शुगर उपाशीपोटी करायची असेल तर आठ तास पाण्याशिवाय काही नाही, मेसचा रात्रीचा चहासुद्धा नाही. सैल बाह्यांचा शर्ट घाला, म्हणजे बीपीचा पट्टा बांधायला सोपं. चष्मा असेल तर तो, जुने कागद असतील तर ते, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे आईला फोन करून विचारून ठेवा. सरकारी वेळापत्रकात ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतं, आणि वर्कशॉपमध्ये पत्रा कापताना हात कापला की पहिला प्रश्न तोच येतो. निघताना कागदाची झेरॉक्स मागून घ्या. मूळ प्रत हॉस्टेल ऑफिसच्या कपाटात गेली की पुन्हा हाती लागेल याची खात्री मी देत नाही.